रिअल एलची पब-फेरी: कशी आखावी, कशी चाखावी, कशी नोंदवावी

इंग्लंडमध्ये शेफील्डला राहायला आले त्या पहिल्या हिवाळ्यात मी एका पबमध्ये एलचा, म्हणजे इथल्या पारंपरिक बिअरचा, ग्लास अर्धाच ठेवून उठले होते. कोमट, मेलेली, तोंडात नुसता कडवटपणा ठेवून जाणारी. इथली माणसं हे इतक्या हौसेनं का पितात, मला कळेना. पुढच्या वर्षी आमच्या शेजारच्या काकांनी मला दोन गल्ल्या पलीकडच्या पबमध्ये एक हाफ, म्हणजे अर्ध्या मापाचा ग्लास, घेऊन दिला. काका स्टीलच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, जन्म याच गावात गेलेला. ग्लास नाकाशी नेला तर संत्र्याच्या सालीचा वास, जिभेवर अगदी बारीक चुरचुर, आणि घोट गिळल्यावर मागे रेंगाळणारा भाजल्या धान्याचा गोडवा. मी पंपावरची पाटी वाचली. मागच्या हिवाळ्यात टाकून दिलेली तीच बिअर होती.

"बिअर तीच," काका म्हणाले, "तळघर वेगळं."

त्यानंतर आम्ही चार-पाच जण महिन्यातून एकदा पब-फेरीला जायला लागलो, आणि प्रत्येक ग्लासाची वहीत नोंद ठेवायला लागलो. इंग्लंडमध्ये शिकायला, नोकरीला किंवा नातेवाइकांकडे आलेल्या मराठी मंडळींना ही गोष्ट नीट करता यावी, म्हणून पद्धत लिहून काढते आहे. उदाहरणं शेफील्डची आहेत, कारण मला हे गाव माहीत आहे. पद्धत कुठल्याही गावाला लागू पडेल.

आधी पिंप समजून घ्या

सातूला मोड आणून, वाळवून, भाजून त्याचं माल्ट करतात. माल्ट गरम पाण्यात भिजवून गोड पाणी काढायचं, त्यात हॉप्सची फुलं घालून उकळायचं, गार झालं की यीस्ट घालून आंबवायचं. इथपर्यंत सगळ्या बिअरची कथा साधारण सारखी. फरक पुढे पडतो. केगमधली, म्हणजे धातूच्या बंद पिंपातली, नेहमीची बिअर गाळून, पुष्कळदा पाश्चराइज करून भरतात आणि गॅसच्या दाबानं ग्लासात आणतात. रिअल एल मात्र जिवंत यीस्टसकट पिंपात भरतात. या पिंपाला कास्क म्हणतात. उरलेली साखर यीस्ट पिंपातच खात राहतं, आणि त्यातून येणारी बारीक, मऊ फसफस हीच त्या बिअरची फसफस. बाहेरून गॅस घालत नाहीत.

म्हणजे ब्रुअरीतून निघताना ही बिअर पुरी झालेली नसते. विरजण लावलेलं पातेलं कुणी आपल्या घरी आणून द्यावं, तसं आहे हे. दही कसं लागेल ते आता तुमच्या स्वयंपाकघरावर अवलंबून.

एकदा एका पबवाल्या बाईंनी आम्हाला तळघरात नेलं. अरुंद दगडी जिना, भिंतींना गारवा, आणि आपल्याकडे पाण्याच्या घागरींना असते तशा लाकडी घडवंचीवर आडवी ठेवलेली पिंपं. नेहमीचं पिंप असतं फर्किन: ९ गॅलन, म्हणजे जवळजवळ ४१ लिटर, ७२ पाइंट. वरच्या बाजूला शाइव्ह नावाचं बूच. त्यांनी त्यात मऊ लाकडाची एक छोटी खुंटी ठोकली, त्याबरोबर 'सुस्स' करून फेस वर आला आणि खुंटीच्या रेषांमधून बुडबुडत राहिला. "आता हिला श्वास घेऊ द्यायचा," त्या म्हणाल्या. फेस थांबत आला की कडक लाकडाची खुंटी लावायची, म्हणजे उरलेला वायू आत राहतो. मग पुढच्या बुचात हातोडीनं नळ ठोकायचा. एकाच घावात बसला पाहिजे, नाहीतर अंगावर आंघोळ. गाळ तळाशी बसेपर्यंत, साधारण एखादा दिवस, पिंपाला हात लावायचा नाही. आणि हे सगळं ११ ते १३ अंश सेल्सियसमध्ये. माठातल्या पाण्यापेक्षा थोडं गार, फ्रिजातल्या पाण्यापेक्षा पुष्कळ ऊबदार. "एल कोमट असते" ही आपल्याकडची तक्रार इथून येते. एल गारच असायला हवी, बर्फगार मात्र नाही.

पिंपातून बिअर उपसायला लागलं की तिची जागा हवा घेते, आणि तिथून घड्याळ सुरू होतं. तीन दिवसांत पिंप संपलं तर उत्तम. माझं आजोळ दापोलीकडचं. सकाळी उतरवलेली माडी आणि तीच माडी दुपारी, यात काय फरक पडतो ते मी लहानपणापासून मोठ्यांच्या तोंडून ऐकलेलं. रिअल एलचं वय दिवसांत मोजतात एवढंच, बाकी न्याय तोच.

ही बिअर आज प्यायला मिळते याचं श्रेय काही हट्टी माणसांना आहे. १९६० च्या दशकात मोठ्या ब्रुअऱ्यांनी सांभाळायला सोपी म्हणून केग बिअर सगळीकडे रेटली आणि तळघरातल्या कास्कमधून बिअर हातानं वर ओढणारे हँडपंप पबमधून काढून टाकले जायला लागले. १९७१ मध्ये आयर्लंडच्या केरी भागात सुट्टीवर असताना मायकल हार्डमन, ग्रॅहम लीस, बिल मेलर आणि जिम मेकिन या चार तरुण इंग्रजांनी याविरुद्ध संघटना काढायची ठरवली. तीच आजची 'कॅम्पेन फॉर रिअल एल'. तिच्या नावाची आद्याक्षरं जोडून लोक तिला काम्रा म्हणतात. तिचं मुख्यालय लंडनजवळ सेंट ऑल्बन्सला आहे. पुढे गुण देण्याची जी पद्धत सांगणार आहे, ती याच संघटनेची.

शाकाहारी मित्रांसाठी एक गोष्ट इथेच सांगून ठेवते, कारण आमच्यातल्या एकीला ती तीन वर्षांनी कळली आणि तिला फार वाईट वाटलं. गाळ लवकर खाली बसावा म्हणून पुष्कळ कास्कमध्ये आयसिंग्लास घालतात. ते माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून करतात. ते गाळाबरोबर तळाशी जातं, तरी शाकाहारी माणसाला चालेल असं नाही. हल्ली बऱ्याच छोट्या ब्रुअऱ्या ते घालत नाहीत. पंपाच्या पाटीवर 'अनफाइन्ड' (गाळ बसवायला काही न घातलेली) किंवा 'व्हीगन' लिहिलेलं असतं. नसेल तर सरळ विचारा. बारवरच्या माणसाला हा प्रश्न नवा नसतो.

माणसं किती, आणि कोण

चार उत्तम, पाच चालतील. सहाच्या वर गेलात की जुन्या पबमध्ये एका टेबलावर मावत नाही, आणि प्रत्येक वेळी बारवर गर्दी आपलीच होते.

त्यातला किमान एक जण न पिणारा असला तर फेरीचं सोनं होतं. आमच्यात नागपूरची एक मैत्रीण आहे, ती दारूला शिवत नाही, लाइम-सोडा घेते. आमच्या वहीतली पबबद्दलची सगळ्यात चांगली टिपणं तिची आहेत. खुर्च्या कशा, स्वच्छतागृह कसं, आवाज किती, एकट्या बाईला अवघडल्यासारखं होतं का, हे सगळं तिला दिसतं. आम्ही तेव्हा ग्लासात नाक घालून बसलेलो असतो. पबमध्ये न पिणाऱ्याकडे कुणी वळूनही बघत नाही, त्यामुळे संकोच करायचं कारण नाही.

आता राउंडचा प्रश्न. इंग्लंडमध्ये टेबलावरच्या सगळ्यांसाठी एक जण विकत आणतो, पुढची पाळी दुसऱ्याची. रीत छान आहे. पण पाच जण असले की पाच पाइंट प्यायल्याशिवाय हिशेब फिटत नाही, आणि तिसऱ्या पाइंटानंतर कुणाच्याही जिभेवर विश्वास ठेवू नये. आम्ही सुरुवातीलाच प्रत्येकाकडून सारखी रक्कम जमा करतो, एकाकडे ठेवतो, आणि सगळे फक्त हाफ घेतो. पाइंट ५६८ मिलिलिटरचा, हाफ त्याच्या निम्मा. काही पबमध्ये एक तृतीयांश पाइंटही मिळतो, तीन वेगळ्या बिअर शेजारी शेजारी ठेवून चाखायला तो फार सोयीचा.

हिशेब करून बघा. ४ टक्के अल्कोहोलच्या बिअरचा हाफ म्हणजे साधारण १.१ युनिट. युनिट हे अल्कोहोल मोजायचं इथलं माप. चार पब, प्रत्येक ठिकाणी दोन हाफ, म्हणजे नऊच्या आसपास. इथल्या आरोग्य खात्याचा सल्ला आठवड्याला १४ युनिटच्या आत राहण्याचा आहे. तेव्हा चार पब आणि आठ हाफ ही फेरीची कमाल मर्यादा धरा, आणि त्या आठवड्यात पुन्हा बाटली उघडू नका. गाडी कुणीच आणायची नाही. निघताना पोटभर जेवून निघा. तरुण दिसत असाल तर वय १८ च्या वर असल्याचा पुरावा खिशात ठेवा. पंचविशीच्या आतले वाटलात तरी विचारतात.

गाव, वाट आणि वेळ

चालत किंवा ट्रामनं जोडता येतील असे तीन-चार पब निवडा. शेफील्डमध्ये पाहुण्यांना आम्ही नेतो ती वाट अशी. सुरुवात रेल्वे स्टेशनातच, 'शेफील्ड टॅप'पासून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची फर्स्ट क्लास प्रवाशांची उपाहारखोली होती ही. बरीच वर्षं बंद पडून होती, २००९ मध्ये दुरुस्त करून पब झाला. भिंतींच्या फरशा आणि उंच आरसे बघायला म्हणून तरी आत जा. तिथून ट्राम पकडून शेल्समूर स्टॉपला उतरायचं आणि केलम आयलंडमध्ये शिरायचं. डॉन नदीकाठचा हा जुना कारखान्यांचा भाग. इथल्या 'केलम आयलंड टॅव्हर्न'ला काम्रानं २००८ आणि २००९ अशी लागोपाठ दोन वर्षं देशातला सर्वोत्तम पब ठरवलं. जवळच अल्मा स्ट्रीटवर 'फॅट कॅट' आहे.

'फॅट कॅट'ची हकिकत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९८१ मध्ये डेव्ह विकेट यांनी हा पब घेतला. आजूबाजूचे कारखाने बंद पडत होते, लोक हा भाग सोडून जात होते, आणि यांनी तिथे वेगवेगळ्या ब्रुअऱ्यांची रिअल एल ठेवायला सुरुवात केली. १९९० मध्ये त्यांनी पबला लागूनच स्वतःची ब्रुअरी काढली. तिच्या 'पेल रायडर'ला २००४ मध्ये 'चँपियन बिअर ऑफ ब्रिटन'चा मान मिळाला. २०२२ मध्ये ती ब्रुअरी थांबली, तेव्हा मला घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं. 'पेल रायडर' आता बेकवेलची थॉर्नब्रिज ब्रुअरी बनवते. कुठल्याही पंपावर दिसली तर घ्या.

थॉर्नब्रिजचंच 'जयपूर' हे ५.९ टक्क्यांचं इंडिया पेल एल. आपल्या लोकांना नाव वाचून गंमत वाटते, पण त्यामागे खरा इतिहास आहे. लंडनच्या बो भागातल्या हॉजसनच्या ब्रुअरीची पेल एल ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून मुंबई, मद्रास, कोलकात्याला जायची. पुढे बर्टन या इंग्लंडमधल्या गावच्या ब्रुअऱ्यांनी तो व्यापार घेतला. हिंदुस्थानासाठी कुणी मुद्दाम ही बिअर शोधून काढली, ही दंतकथा. पेल एल आधीपासून होती, आफ्रिकेला वळसा घालून येणाऱ्या लांब प्रवासात ती पिंपात मुरत गेली, आणि हिंदुस्थानातल्या साहेबांना ती चव आवडली.

पब निवडताना बाहेरची पाटी वाचा. 'फ्री हाउस' असेल तर तो पब एखाद्या ब्रुअरीला किंवा कंपनीला बांधलेला नाही, बिअर हवी तिथून आणतो. बांधलेला पब वाईट असतो असं मुळीच नाही. एकाच ब्रुअरीच्या तीन बिअर मनापासून सांभाळणारे पब मी पाहिले आहेत. आत गेल्यावर पंप मोजा आणि माणसं मोजा. दहा हँडपंप आणि चार गिऱ्हाइकं, तर समजा की काही पिंपं आठवडाभर उघडी आहेत. तीन पंप आणि भरलेला पब, तर बिनधास्त बसा.

वेळ संध्याकाळची धरा, वार गुरुवार किंवा शुक्रवार. पिंपं भराभर संपत असतात, म्हणून ताजी असतात. सोमवारी दुपारी उघडल्या उघडल्या पहिलं गिऱ्हाईक होऊ नका. रात्रभर नळीत राहिलेली बिअर चांगला पबवाला स्वतः ओतून टाकतो, पण सगळे टाकतातच असं नाही.

बारपाशी

टेबलावर कुणी येत नाही. बारवर जाऊन मागायचं, तिथेच पैसे द्यायचे. रांग दिसत नाही, पण असते. तुमच्या आधी कोण आलं हे तुम्ही लक्षात ठेवायचं, आणि बारमागच्या माणसानं चुकून तुम्हाला आधी विचारलं तर "यांचा नंबर आहे" म्हणून सांगायचं. एवढ्या एका वाक्यानं अनोळखी पबमध्ये तुम्ही आपले होता. पैसे हलवून दाखवू नका, हाक मारू नका. नजर मिळाली की पुरे.

पंपाच्या दांड्यावर पाटी असते, तिच्यावर बिअरचं नाव, ब्रुअरी आणि टक्केवारी. पाटी उलटी फिरवलेली असली तर ती बिअर संपली आहे. काय घ्यावं कळत नसेल तर चवीपुरती मागा, लहानशा ग्लासात देतात. एक-दोन चाखा, सहा नको, मागे माणसं उभी असतात. क्रम हलक्याकडून जडाकडे ठेवा: आधी माइल्ड (सौम्य, कमी कडू) किंवा साधं बिटर (तपकिरी, थोडं कडू), मग पेल आणि गोल्डन (फिकट रंगाच्या), शेवटी पोर्टर, स्टाउट (काळसर, भाजल्या चवीच्या) किंवा ५ टक्क्यांच्या वरची. आधी कडक हॉप्सची बिअर घेतलीत तर मागून येणाऱ्या माइल्डची चव कळणारच नाही. तिखट रस्सा खाऊन वरणभाताची चव बघावी, तसं होईल.

यॉर्कशरमध्ये पंपाच्या तोंडाला बारीक भोकांची टोपी लावतात, स्पार्कलर. त्यातून बिअर जोरात ढवळून येते आणि वर दाट सायीसारखा फेस बसतो. दक्षिणेत ही टोपी बहुधा नसते, फेस पातळ असतो. दोन्ही रीती बरोबर आहेत. म्हणून लंडनच्या पबला "फेसच नाही" म्हणून कमी गुण देऊ नका. पाइंट फारच अपुरा भरलेला वाटला तर "टॉप अप, प्लीज" म्हणा, विनातक्रार भरून देतात.

बारवर कान उघडे ठेवा. कुणी वेड्यासारखं वागलं की इंग्रज म्हणतात, तो 'डूलॅली' झाला. हा शब्द आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचा. तिथल्या छावणीत मायदेशी परतायच्या जहाजाची महिनोन्‌महिने वाट बघणारे सोल्जर भ्रमिष्ट व्हायचे, त्यावरून आलेला. जुन्या रूपात तो 'डूलॅली टॅप' होता, आणि त्यातलं 'टॅप' म्हणजे आपला ताप. मी काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी देवळालीचा उच्चार पाच वेळा करून घेतला.

चाखणं

घाई करू नका. ग्लास आधी खिडकीकडे किंवा दिव्याकडे धरा. आतल्या काचेला बुडबुडे चिकटलेले दिसले तर ग्लास नीट धुतलेला नाही. पीत जाल तशी फेसाची कडी काचेवर एकाखाली एक उरत गेली, तर ग्लास स्वच्छ.

गढूळपणाबद्दल माझी चूक सांगते. दुसऱ्याच फेरीत मी एका पेल एलला "गढूळ, तळघर निष्काळजी" असं लिहून मोकळी झाले. ती बिअर मुद्दाम अनफाइन्ड होती, पाटीवर तसं स्पष्ट लिहिलेलं होतं, मी वाचलंच नव्हतं. पुढच्या महिन्यात जाऊन त्या पबवाल्याची माफी मागितली आणि नोंद खोडली. तेव्हापासून आमचा नियम: आधी पाटी वाचायची, मग डोळ्यांनी ठरवायचं. पाटी काहीच सांगत नसेल, बिटर असेल आणि तरी ताकासारखी दिसत असेल, तर मात्र शंका रास्त.

मग वास. ग्लास हलकेच फिरवून नाक जवळ न्या आणि पहिलं जे मनात येईल ते मराठीत लिहा. आम्ही सुरुवातीला इंग्रजी बिअरवाल्यांचे शब्द उसने घेत होतो आणि सगळ्या नोंदी एकसारख्या व्हायच्या. आपली शिदोरी काढली तशा त्या वेगळ्या झाल्या. इंग्लिश हॉप्सना, म्हणजे फगल आणि गोल्डिंग्जना, ओल्या मातीचा, वाळल्या गवताचा वास. अमेरिकन हॉप्सना पपनसाचा, कच्च्या आंब्याचा. गडद माल्टला भाजल्या शेंगदाण्याच्या टरफलांचा, कधी काकवीचा. माइल्डला चहात बुडवलेल्या बिस्किटाचा. मैत्रिणीनं एका स्टाउटपुढे "जळकी पोळी, पण हवीहवीशी" असं लिहिलं होतं. सहा महिन्यांनी ते वाचून चव जशीच्या तशी आठवली.

पहिला घोट तोंड धुण्यासाठी, मत दुसऱ्या घोटावर. जिभेवर बारीक चुरचुर हवी. अजिबात नसेल तर बिअरमधला जीव गेला आहे. ग्लास फार ऊबदार लागला तर तळघर गार नाही, किंवा नळीतली बिअर आली आहे.

दोष ओळखायला चार वास पुरतात. व्हिनेगरचा आंबट वास: पिंप फार दिवस उघडं. ओल्या पुठ्ठ्याचा: हवा लागून शिळी झालेली. जंतुनाशकाचा, दवाखान्यात येतो तसा: बहुधा धुण्याचं औषध नीट निघालेलं नाही. नळ्या आठवड्यातून एकदा धुवायच्या असतात. आणि लोण्याचा किंवा बटरस्कॉचचा: थोडासा काही बिअरमध्ये चालतो, तोंडाला चिकटून बसला तर दोष. मात्र मुद्दाम आंबट केलेल्याही बिअर असतात, म्हणून पुन्हा तेच, पाटी वाचा.

बिघडलेला ग्लास परत करताना

दोन घोटांत ठरवा. अर्धा ग्लास पिऊन परत नेलात तर समोरचा ऐकून का घेईल? हळू आवाजात, बाकीच्या गिऱ्हाइकांना ऐकू जाणार नाही असं, "ही थोडी आंबट लागते आहे, तुम्ही बघता का?" एवढंच विचारा. चांगला पबवाला स्वतः हुंगतो, चाखतो, दुसरी देतो आणि पंपाची पाटी उलटी करतो. ते बघितलं की त्या पबबद्दलचा माझा आदर वाढतो. पिंप बिघडणं माणसाच्या हातात नेहमीच नसतं, पण बिघडलेलं विकत राहणं त्याच्या हातात असतं. एका गावात आम्हाला "रिअल एल अशीच लागते" असं उत्तर मिळालं. समोर मराठी चेहरे, यांना काय कळतंय, असा सूर होता. आम्ही वाद घातला नाही, ग्लास तिथेच ठेवला, आणि नोंदीत घडलं ते शब्दन्‌शब्द लिहिलं.

गुण देणं

काम्राच्या सभासदांना कास्क बिअरला ० ते ५ गुण देता येतात, मध्ये अर्धा गुणही. काय मोजायचं हे नीट समजून घ्या: बिअर तुमच्या आवडीची आहे का, ते नाही. तिची निगा कशी राखली आहे, ते. मला माइल्ड फारशी आवडत नाही, तरी उत्तम सांभाळलेल्या माइल्डला मी ४ दिले आहेत. 'अनटॅप्ड'सारख्या ॲपवर उलट आहे, तिथे लोक बिअरला गुण देतात, मग ती कुठल्याही पबमध्ये प्यालेली असो. दोन्हींची गल्लत करू नका.

माझ्या वहीच्या पहिल्या पानावर हा तक्ता असा आहे. शून्य: पिता येत नाही, किंवा कास्क एल नाहीच. एक: कशीबशी संपवली, राग आला. दोन: दोष नाही, पण दुसरा ग्लास घ्यावासा वाटला नाही. तीन: छान, आणखी एक घेऊ. चार: पुढच्या पबला जायचं रद्द करावंसं वाटलं. पाच: माझ्या नऊ वर्षांत तीनदा दिले.

गुण लिहून होईपर्यंत कुणी बोलायचं नाही, हा आमचा सगळ्यात कडक नियम. पहिल्यानं "वा!" म्हटलं की बाकीच्यांची जीभ त्याच्यामागे जाते. प्रत्येकानं आपापल्या कागदावर लिहायचं, मग कागद उलटे करायचे. आकडे जुळले नाहीत की खरी मजा येते. कुणाचा ग्लास पिंपाच्या तळाचा होता का, कुणी आधी मिरचीचे वेफर खाल्ले होते का, हे उलगडत जातं. गुण काम्राला फोनवरून पाठवायचे तेही पबमध्ये बसूनच, घरी जाऊन आठवणीनं नाही. या गुणांच्या आधारानं काम्राच्या स्थानिक शाखा 'गुड बिअर गाइड'साठी पब निवडतात. दरवर्षीच्या त्या पुस्तकात साधारण ४,५०० पब असतात, तेव्हा तुमचा प्रामाणिक आकडा एखाद्या तळघरातल्या कष्टांचं चीज करू शकतो.

पबबद्दल काय लिहायचं

बिअरचे गुण वेगळे, पबचं वर्णन वेगळं. तारीख, वार, वेळ, किती गर्दी, कुठला पंप, किंमत, हे आधी. मग पुढच्या माणसाला उपयोगी पडेल ते: पायऱ्या आहेत का, लहान मुलं चालतात का, शाकाहारी काही मिळतं का, बोललेलं ऐकू येतं का, शेकोटी खरी आहे का. सजावटीवर पानं भरू नका.

आणि एक गोष्ट आम्ही नेहमी लिहितो: आमचं स्वागत कसं झालं. याला इतिहास आहे. १९६० च्या दशकात बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिकमध्ये काही पबच्या चांगल्या खोल्यांत काळ्या-सावळ्या माणसांना बसू देत नसत. इंडियन वर्कर्स असोसिएशनच्या लोकांनी त्याविरुद्ध लढा दिला, १९६५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतले कृष्णवर्णीय नेते माल्कम एक्स तिथे येऊन गेले, आणि त्याच वर्षी असा भेदभाव कायद्यानं बंद झाला. आज त्याच परिसरात पंजाबी मालकांचे 'देसी पब' आहेत. एका हातात 'ब्लॅक कंट्री' म्हणतात त्या भागातली माइल्ड, समोर तव्यावर चरचरणारं मिक्स्ड ग्रिल, आणि टेबलाला गोरी-सावळी सगळी माणसं. एक पूर्ण फेरी तिकडची करा. मी तिथे पहिल्यांदा बसले तेव्हा काही वेळ मला बोलायलाच सुचलं नाही.

पुन्हा जा

एका भेटीवरून पब ठरवू नका. निदान दोनदा जा, वेगळ्या वारी जा, शक्य तर तीच बिअर घ्या. माझ्या वहीतल्या, घराजवळच्याच एका पबच्या, लागोपाठच्या दोन नोंदी उतरवते.

"सोमवार, दुपारी १२:२०. डावीकडून दुसरा पंप. बेस्ट बिटर, ४.२ टक्के, हाफ. आम्ही चौघेच. रंग चहासारखा, स्वच्छ. वास मंद, थोडा पुठ्ठा. चुरचुर नाही, ग्लास ऊबदार. गुण २, २, १.५. मैत्रीण: मुलगा नवा आहे, गोड बोलला, लाइम-सोड्यात खरं लिंबू."

"गुरुवार, संध्याकाळी ७:१०. तोच पंप, तीच बिअर. बसायला जागा मिळायला दहा मिनिटं लागली. संत्र्याची साल, भाजलं धान्य, शेवटी सुखद कडूपणा. कड्या ग्लासच्या तळापर्यंत. गुण ४, ३.५, ४. मालकीणबाई म्हणाल्या, पिंप काल दुपारी लावलं. मैत्रीण: शेकोटी पेटवली होती, काकांना कोपऱ्यातली खुर्ची कुणीतरी उठून दिली."